बहात्तर बाटल्यांच्या पट्ट्या

हिरामावशीच्या घरात भांडी कधी गप्प बसत नसत. घर उरणच्या अलीकडच्या एका गावात, रस्त्याला अगदी लागून, आणि रस्ता बंदराकडे जाणारा. कंटेनर लादलेला ट्रेलर गेला की फळीवरची ताटं किणकिणायची, आणि ट्रेलर काही थांबायचं नाव घेत नसत. मी तिथं राहायला गेले तेव्हा पहिले आठ दिवस पहाटे दचकून उठून बसायची. मावशी चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "भूत न्हाय गं, न्हावा शेव्याचा माल हाय. उठलीच हायस तर भाकरी थाप." अशी तिची माया. तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढण्यातलाच प्रकार होता, पण माझ्या ताटातली भाकरी नेहमी तव्यावरची पहिली असायची आणि तिच्या ताटातली शेवटची, कडेनं करपलेली. हे माझ्या लक्षात यायला मला बरेच महिने लागले, कारण त्या वयात मला स्वतःखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं.

मी तिच्याकडे आले ती बारावीत इंग्रजीत आपटून. आमचं घर अलिबागकडचं, भाताचं आणि भातामागून पांढऱ्या कांद्याचं. निकाल लागला तेव्हा बाबा काही ओरडले नाहीत. ते फक्त आईला म्हणाले, "आता कांदे निघाले की हिचं उरकून टाकू." कांद्याची लावणी अजून व्हायची होती, म्हणजे माझ्या हातात आठ-नऊ महिने होते. आईनं बाबांना पटवून मला बहिणीकडे धाडून दिलं. नाव दिलं मदतीचं, की मावशी विधवा, एकटी, तिला सोबत पाहिजे. मावशीला सोबत कशाचीच नको होती. तिनं मला दारात पाहिलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हात चालतात का नुसती जीभ?" जीभच जास्त चालते, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं, पण तिनं मला दुसऱ्या आठवड्यात आपल्या कामावर नेलं. शेठना सांगितलं, "माझ्या बहिणीची पोर हाय. माझ्या भरवशावर घ्या."

ते काम होतं परदेशी दारूच्या गोडाऊनमध्ये. बोटीनं आलेली दारू कर भरेपर्यंत सरकारी कुलपात ठेवायची आणि मग मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत पाठवायची, असा शेठचा धंदा. प्रत्येक बाटलीच्या पाठीवर आयात करणाऱ्याच्या नावपत्त्याची चिठ्ठी चिकटवावी लागे. ती चिकटवायला आम्ही आसपासच्या गावांतल्या डझनभर बायका, आणि आम्हां सगळ्यांवर हिरामावशी. गावात आम्हाला दारूवाल्या म्हणत. आमच्यातल्या एकीनंही उभ्या जन्मात थेंब चाखलेला नव्हता. दुपारी सपाट केलेल्या खोक्यांवर बसून आम्ही डबे उघडायचो. कुणाचं वालाचं बिरडं, कुणाचा सुका जवळा, कुणाचं नुसतंच आंबट वरण, आणि भोवताली फ्रान्स-इटलीची दारू छतापर्यंत रचलेली. त्या जेवणासारखं जेवण मी पुढं मोठमोठ्या हॉटेलांतही जेवले नाही. हे मी उगाच म्हणत नाही. कामामुळं त्या हॉटेलांत जेवायची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली.

गोडाऊनच्या कोपऱ्यात काचेची एक खोली होती. तिच्यात मुकादमचाचा बसत. मुकादम हे आडनाव, ते बोर्ली पंचतनचे, कागदपत्रांचे कारकून. महिन्यातून एकदा आगरदांड्याहून तरीत बसून, खाडी ओलांडून दिघीला उतरत आणि घरी जाऊन येत. पाच वेळचे नमाजी माणूस, दारूला बोटही लावत नसत. खरंच लावत नसत. बाटली बघायची झाली तर आमच्यापैकी एकीला धरायला सांगत आणि चष्मा वर करून दुरून वाचत. मावशी त्यांना चिडवायची, "चाचा, वाचून चढत न्हाय ना तुम्हाला?" ते म्हणत, "चढली असती तर तीस वर्षांत घरी पोचलो नसतो, हिराबाई."

मी इंग्रजीत नापास, पण इंग्रजी टायपिंगची तीसची परीक्षा पास होते. हे कळल्यावर चाचा मला अधूनमधून काचेच्या खोलीत बोलवत आणि याद्या टाइप करून घेत. अर्थ समजत नसे, बोटं चालत. अशाच एका दुपारी मी त्यांना एका पांढऱ्या वाइनबद्दल विचारलं. तिचं नाव गावी. आम्हा बायकांना त्या नावाचं हसू यायचं. मी विचारलं, की एवढ्या बाटल्यांत हिच्याच गळ्यावर सरकारी पट्टी कशाला? बाटलीचं तोंड आणि गळा यांच्यावरून चिकटवलेली कागदाची अरुंद पट्टी होती ती, बारीक आकड्यांची. चाचांनी खणातून एक जाड कागदाचा जुडगा काढला आणि मला समजावून सांगितलं. इटलीच्या वायव्येला डोंगरउतारावर अकरा गावं आहेत. त्या अकरा गावांत पिकलेलं एकाच जातीचं द्राक्ष, कोर्तेझे नावाचं, तेवढंच या वाइनमध्ये चालतं. शेजारच्या बाराव्या गावचं द्राक्ष कितीही गोड असो, चालत नाही. एका मळ्यातून किती पीक घ्यायचं त्यालाही हद्द, जास्त पिकवलं तर नाव जातं. मग माणसं बसून ती चाखतात, तपासतात, आणि सगळं बरोबर भरलं तरच सरकार मोजून पट्ट्या देतं, जितक्या बाटल्या तितक्याच.

"म्हणजे रेशनकार्ड," मी म्हटलं.

"रेशनकार्ड नव्हे बेटा, जबान आहे ती. शेतकऱ्यानं दिलेली आणि सरकारनं राखलेली."

मी मान डोलावली आणि विसरून गेले. माणूस ऐकतो आणि ऐकत नाही, त्यातला प्रकार. आज तो नियमांचा जुडगा मला जवळजवळ पाठ आहे. आमच्या पांढऱ्या कांद्यालाही आता तसं भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि माझा भाऊ त्याचा कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी न वाचताच त्याला सांगितलं की यात काय असेल: कुठली गावं, कुठलं बी, कसा ठेवायचा. तो बघतच राहिला. पण तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, आणि न कळल्याची किंमत दुसऱ्यानं भरली.

झालं असं. गावीचा एक कंटेनर आला, त्यातल्या खालच्या थरातल्या काही बाटल्या समुद्रात फुटल्या होत्या. सांडलेली वाइन शेजारच्या सहा खोक्यांत मुरली, पुठ्ठा कुजला, बाटल्यांच्या गळ्यांवर काळी बुरशी धरली. दुसऱ्या दिवशी हॉटेलची गाडी यायची होती. शेठनी मावशीला निरोप धाडला, की बाटल्या पुसून लख्ख करून ठेवा. नेमकी त्याच दिवशी मावशीची दाढ ठणकत होती. गाल सुजून भोपळा झाला होता. ती चाचांकडून गेटपास लिहून घेऊन उरणला डॉक्टरकडे निघाली आणि जाताना मला म्हणाली, "सहा खोकी तुझी. नीट पूस. मला नाव ठेवायला जागा नको."

आमच्या घरी कांद्याची माळ विणायच्या आधी एक काम असतं. प्रत्येक कांदा हातात घ्यायचा, बोटानं चोळायचा, आणि डागाळलेलं, मातकट पापुद्र्याचं साल काढून टाकायचं. खालून चांदीसारखा पांढरा कांदा निघतो. एकही डाग माळेत गेला तर बाबा अख्खी माळ सोडायला लावत. मी सात वर्षांची असल्यापासून ते करत आले होते. तेव्हा त्या बुरसटलेल्या, कडा सुटलेल्या, काळ्या पट्ट्या बघून माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी बादलीत कोमट पाणी घेतलं. पुढचं लेबल भिजू नये म्हणून एकेक बाटली उलटी धरून फक्त गळा बुडवला, काथ्यानं हलकेच चोळला, आणि पट्टी सालासारखी सुटून आली. सहा खोकी, बहात्तर बाटल्या. एकही फुटली नाही, एकाही लेबलावर ओरखडा नाही. बाकीच्या बायका पलीकडच्या रांगेत व्हिस्कीला चिठ्ठ्या लावत होत्या, कुणी बघितलं नाही. सगळ्या बाटल्या ओळीनं मांडल्या तेव्हा त्या अशा चमकत होत्या की मला वाटलं, आज तरी मावशी चांगलं म्हणेल.

चाचा पट्ट्यांचे नंबर उतरवून घ्यायला वही घेऊन आले. ओळीपुढं उभे राहिले. मग हळूच एका खोक्यावर बसले.

"पट्ट्या कुठं आहेत?"

मी बादली दाखवली. तळाशी लगदा झाला होता.

"काय केलंस हे, बेटा?"

"घाण झाल्या होत्या," मी म्हटलं. "चाचा, आत वाइन तीच आहे ना?"

"तीच आहे," ते म्हणाले. "पण ते आता सांगणार कोण?"

काय झालं ते मला त्या एका प्रश्नात पुरतं कळलं. त्या बाटल्या आता कुठल्याही गावच्या नव्हत्या.

मावशी परतली ती तोंडात कापूस धरून. तिला सगळं सांगितलं. ती बाटल्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तिनं फक्त विचारलं, "बाबा काय म्हणाला व्हता निघताना?" मी म्हटलं, "इथं टिकली नाहीस तर सरळ घरी ये, मुलगा बघून ठेवलाय." ती "बरं" म्हणाली आणि झाडू घेऊन पाणी लोटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले. माणूस वाईट नव्हते, पण हॉटेलवाल्यांसमोर तोंडावर पडले होते. बहात्तर बाटल्या गाडीत चढल्या नव्हत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, कुणी काढल्या? माझं तोंड उघडलं असतं की नाही, देव जाणे. मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कारण त्याआधी मावशीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ती सुजलेल्या तोंडानं बोलली, "मी काढल्या शेठ. घाण दिसली, काढल्या."

"हिराबेन, तुम्ही? आटली जूनी बाई तुम्ही!" शेठ चिडले की गुजरातीवर उतरत.

"चुकलं माझं."

चाचा काचेच्या दारात उभे होते. तिचा गेटपास त्यांनीच लिहिला होता. ती त्या दुपारी गोडाऊनमध्ये नव्हतीच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते वही मिटून आत गेले. शेठनी मावशीचं पुढारपण त्याच क्षणी काढून घेतलं. म्हणाले, सध्या झाडलोट करा, पुढं ठेवायचं की नाही ते इटलीचा जबाब आला की बघू.

दोन दिवस मी मावशीला झाडू मारताना बघितलं. ज्या बायकांना तिनं हातात हात धरून चिठ्ठी लावायला शिकवलं, त्या पाय उचलून तिला खालचा कचरा काढू देत होत्या. कुणी हसलं नाही, ते आणखी वाईट होतं. घरी आम्ही दोघी भाकरी खायचो आणि फळीवरची ताटं किणकिणायची. पहिल्या दिवशी मी एकदा म्हटलं, "मावशी, मी सांगते शेठना." ती म्हणाली, "गप. मला काय, माझं आयुष्य गेलं. तुझा बाबा तुला वैशाखात बोहल्यावर उभी करील." आणि मी गप्प बसले. भीती वाटली म्हणून बसले. लाज वाटते लिहायला, पण त्या दोन दिवसांत मला थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी चाचांनी मला टायपिंगला बोलावलं. इटलीतल्या मळेवाल्यांना पत्र जायचं होतं: बाटल्या कशा फुटल्या, पट्ट्या कशा गेल्या, नव्या पट्ट्या मिळतील का. चाचा एकेक वाक्य इंग्रजीत सांगत आणि मागून त्याचा मराठीत अर्थ सांगत. तसा अर्थ त्यांनी पूर्वी कधी सांगितला नव्हता. बंदर, बोट, बुरशी, सहा खोकी, सगळं झालं. मग म्हणाले, "आता लिही, या पट्ट्या अमुक अमुक व्यक्तीनं अजाणतेपणी काढल्या. नाव तू घाल. या कागदाखाली माझी सही जाणार आहे. मी नमाज पढून येतो."

आणि गेले. माझ्यावर ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी मला त्या मशीनपुढं एकटीला सोडलं.

मी मावशीच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं. मग थांबले. काचेतून ती दिसत होती. ती मांडी घालून जमिनीवर बसली होती आणि फुटक्या काचा एकेक करून वेचत होती, कारण झाडूनं त्या फटीत जात. गाल अजून सुजलेला. मला एकदम तिच्या ताटातली ती करपलेली भाकरी दिसली. तेव्हा पहिल्यांदा दिसली. मी कागद मशीनमधून ओढून काढला, दुसरा चढवला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप केलं. नावाची जागा आली तेव्हा माझं नाव घातलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

चाचा आले, वाचलं, आणि उभ्याउभ्याच सही केली. "चल," म्हणाले.

शेठनी पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, का काढल्या? मी म्हटलं, "आमच्याकडे कांदे असेच करतात." शेठ कांदा खात नव्हते, जैन माणूस. त्यांना काही केल्या कळेना. मला मग त्यांच्यासमोर हवेत कांदा धरून, साल काढून दाखवावं लागलं, आणि दाखवता दाखवता मी हमसून हमसून रडायला लागले. शेठ गडबडले. पाणी मागवलं. म्हणाले, हिराबेन उद्यापासून आपल्या जागेवर. पण ही मुलगी बाटलीला हात लावणार नाही, हिला घरी पाठवा.

"घरी कशाला?" चाचा म्हणाले. "माझ्याकडे द्या. नियमाचा कागद कधीपासून माझ्या खणात पडून आहे. या बायकांना बसवून वाचून दाखवला नाही, ती चूक माझी. आता मला डोळ्यांनी नीट दिसत नाही. खरं नाव घालणारं माणूस मला शोधून मिळायचं नाही."

असं मला काम मिळालं. बाबांना मी स्वतः पत्र लिहिलं, आणि त्या साली कांदे निघाले, माळा झाल्या, विकल्या गेल्या, माझं काही उरकलं नाही. इंग्रजी मी चाचांच्या त्या जुडग्यावर शिकले, एक नियम, एक दिवस. इटलीचं उत्तर आलं ते मीच वाचून दाखवलं. मळेवाल्यानं लिहिलं होतं की फार वाईट वाटतं, पण नव्या पट्ट्या देता येणार नाहीत. नियम त्यालाही तोच. शेवटी बहात्तर बाटल्यांवरचं नाव झाकून त्या साधी पांढरी वाइन म्हणून गेल्या. नाव झाकायच्या चिठ्ठ्या मावशीनं लावल्या, एकही वाकडी नाही. तीच वाइन मी पुढं बऱ्याच वर्षांनी कामापायी एक घोट चाखली. लिंबाच्या सालीचा वास आणि मागाहून कडवट बदाम. मला विचाराल तर कोकम सरबत बरं. पण त्या अकरा गावांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि चाचांचे तर इतके की ते गेल्याचं कळलं तेव्हा मी कागद बाजूला सारून दिवसभर नुसती बसून होते.

शेठनी माझं पत्र वाचलं त्या संध्याकाळी मावशी मात्र माझ्याबरोबर चालली नाही. कामावरून घरापर्यंत पुढं पुढं चालत राहिली. घरात शिरल्यावर म्हणाली, "एवढं खोटं बोलले मी, ते मातीत घातलंस." चिडली होती, खरोखरीची चिडली होती. मी विचारलं, "मग काय करायला पाहिजे होतं?" ती तवा चुलीवर ठेवत म्हणाली, "मला काय विचारतेस? मला लिहिता येतंय का?"

मावशी आता माझ्याकडे असते. ऐंशी ओलांडली. कुठलं साल, कुठलं गाव, मी कोण, हे तिला रोज आठवतंच असं नाही. मला कधी बहीण समजते, कधी डॉक्टरीण. पण दारात कुणी अनोळखी पुरुष दिसला, मग तो गॅसवाला असो की पोस्टमन, की ती खाटेवर उठून बसते, पदर सावरते आणि सांगते, "शेठ, पट्ट्या मी काढल्या. पोरीला काय बोलू नका." मी तिच्याजवळ जाते, तिचा हात धरते आणि दर वेळी सांगते, "मावशी, तू नाही गं, मी काढल्या." ती माझ्या दंडाला चिमटा काढते.